अर्जनवीस आणि अव्वल कारकून

संगणकाच्या पडद्यावरील अर्ज मनुष्याने चित्त एकाग्र करून भरावा, पानाने प्रत्येक रकान्यापुढे हिरवी खूण उमटवून त्याचा हुरूप वाढवावा, आणि अखेरीस 'सादर करा' हे बटण दाबताच तोच अर्ज 'माहिती अवैध आहे' एवढ्या त्रोटक शेऱ्यानिशी माघारी यावा, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याची कोणी तक्रारही करीत नाही. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र, ज्यांची सारी हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, ती तक्रार माझ्यापाशी केली, आणि ती करताना जो सवाल टाकला तो मला अगदी रास्त वाटला. "तुमच्या त्या पानाने आधी सगळे ठीक आहे म्हणून सांगितले, मग मागाहून चूक काढली कोणी? आणि एकाच अर्जाची तपासणी दोन ठिकाणी होत असेल, तर त्यांपैकी एक जण फुकट पगार खातो असे म्हणायचे काय?"

त्यांना मी उत्तर दिले ते त्यांच्याच कचेरीच्या भाषेत दिले, आणि येथेही तिचाच आश्रय घेतो. कारण अर्जाच्या छाननीच्या बाबतीत संगणकवाल्यांनी शोधून काढलेली एकही गोष्ट अशी नाही, की जी मामलेदार कचेरीच्या आवारात आधीपासून ठाऊक नव्हती.

१. झाडाखालचा मनुष्य आणि टेबलामागचा मनुष्य

जुन्या कचेरीच्या आवारात, एखाद्या कडुनिंबाच्या सावलीत, पुढ्यात लाकडी पेटी घेऊन अर्जनवीस बसलेला असे. खेड्यातून आलेल्या माणसाला कोणता अर्ज कोणाच्या नावे करावा, त्यावर तिकीट किती किमतीचे लावावे, सातबाऱ्याचा उतारा सोबत जोडावा की नको, ह्यांपैकी काहीच ठाऊक नसे, अर्जनवीसाला मात्र कचेरीचा शिरस्ता तोंडपाठ असल्यामुळे तो जागच्या जागीच सांगे, "गट नंबर राहिला आहे," किंवा "येथे अंगठा हवा." त्यामुळे अर्जदाराची आतली एक खेप वाचे आणि आतल्या कारकुनाचाही वेळ वाचे.

परंतु अर्जनवीसाने 'अर्ज बिनचूक आहे' असा निर्वाळा दिला म्हणून आतल्या अव्वल कारकुनाने तो डोळे मिटून दाखल करून घेतला, असे कधी घडले नाही, आणि घडते तर ती कचेरी आठवडाभरही चालली नसती. अर्जनवीस हा अर्जदाराचा माणूस. त्याला बसवले अर्जदाराच्या सोयीसाठी, आणि एखाद्याने त्याला वगळून घरूनच अर्ज लिहून आणला तर त्याला आत जाण्यापासून अडविणारे कोणी नसे. अव्वल कारकून हा सरकारचा माणूस. दप्तरात काय शिरते त्याची जोखीम त्याच्या शिरावर.

अर्ज वेबवरचा असतो तेव्हा अर्जनवीसाची जागा ब्राउझर घेतो. ब्राउझर म्हणजे आपल्याच संगणकात किंवा फोनमध्ये राहून आपल्याला पाने दाखविणारा प्रोग्रॅम. अव्वल कारकुनाच्या जागी असतो सर्व्हर, म्हणजे दूर कोठेतरी असलेला, संस्थेच्या ताब्यातील संगणक, ज्याच्या वहीत आपली माहिती अखेर नोंदली जावयाची असते. भरलेली माहिती नियमांत बसते की नाही हे पाहण्याच्या क्रियेला ह्या धंद्यात 'व्हॅलिडेशन' म्हणतात. आपण तिला पडताळणी म्हणू. ब्राउझरमधील पडताळणी हे सौजन्य आहे आणि सर्व्हरवरील पडताळणी हा अधिकार आहे, एवढा एक भेद वाचकाने ध्यानात धरला की पुढचे सारे प्रकरण सुगम होईल. वेबवरील अर्जांच्या बहुतेक तक्रारी, मला वाटते, कोणीतरी सौजन्याला अधिकार समजल्यामुळे किंवा अधिकार गाजविताना सौजन्य विसरल्यामुळे उद्भवलेल्या असतात.

२. तारेवरची रखडपट्टी

वेबच्या आरंभकाळी ही झाडाखालची व्यवस्था मुळीच नव्हती. अर्ज भरावा, तो टेलिफोनच्या तारेतून मोडेमच्या करकरीसह दूरच्या सर्व्हरकडे जावा, तेथे एक रकाना रिकामा राहिल्याचे आढळावे, आणि सबंध पान पुन्हा त्याच तारेतून रखडत परत यावे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाचा वेग ज्यांनी भोगला आहे त्यांना एका राहून गेलेल्या आडनावाची शिक्षा किती मोठी होती हे सांगावयास नको.

त्याच वर्षी अमेरिकेत नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइख ह्यांनी, अवघ्या दहा दिवसांत पहिला आराखडा उभा करून, ब्राउझरच्या आत चालणारी एक छोटी भाषा रचली. तीच पुढे जावास्क्रिप्ट ह्या नावाने प्रसिद्धीस आली. आज ह्या भाषेवर केवढे इमले उभे आहेत हे पाहिले म्हणजे विस्मय वाटतो, पण आरंभी तिच्याकडे सोपविलेल्या कामांपैकी एक अगदी साधे काम हेच होते: अर्ज तारेवर चढण्यापूर्वी जागच्या जागी त्याची चाचपणी करणे. अशा रीतीने अर्जनवीस झाडाखाली येऊन बसला.

३. तयार नियम आणि घरचे नियम

काही नियम इतके सर्वसाधारण असतात की ते प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यात अर्थ नाही. २०१४ साली प्रमाण म्हणून मान्यता पावलेल्या एचटीएमएल-५ ह्या आवृत्तीने ते थेट ब्राउझरलाच शिकवून ठेवले. रकान्यावर 'रिक्वायर्ड' असा शब्द लिहिला की तो रिकामा सोडता येत नाही. 'मिन' आणि 'मॅक्स' ह्यांनी संख्येची खालची-वरची मर्यादा ठरते. 'पॅटर्न' ह्या शब्दाने अक्षरांचा साचा नेमून देता येतो. पॅन क्रमांकाचा साचा घ्या: पाच रोमन अक्षरे, चार आकडे, पुन्हा एक अक्षर, एकूण दहा. एवढे सांगितले की ब्राउझर त्या साच्यात न बसणारा मजकूर अडवतो.

हे तयार नियम भाबडे असतात हेही सांगितले पाहिजे. 'रिक्वायर्ड' रकान्यात नुसती एक मोकळी जागा टंकली तरी तो भरला असेच ब्राउझर मानतो. ई-मेलचा तयार नियम पत्त्यात मधले '@' हे चिन्ह आणि त्याच्या दोन्ही अंगांना काही मजकूर आहे की नाही एवढेच जवळजवळ पाहतो, त्यामुळे एकाही बिंदूशिवाय लिहिलेला पत्ताही त्याला चालतो. पुष्कळ प्रोग्रॅमर त्यामुळे अस्वस्थ होतात आणि ई-मेलच्या पत्त्यासाठी दीड-दीड ओळीचे साचे रचीत बसतात. परंतु पत्ता खरा की खोटा हे ठरविण्याचा मार्ग एकच, त्या पत्त्यावर पत्र धाडून ते पोचते का हे पाहणे, आणि तो मार्ग अक्षरांच्या साच्यातून जात नाही.

तयार नियम जेथे संपतात तेथून घरचे नियम सुरू होतात; 'कस्टम व्हॅलिडेशन' म्हणतात ते हेच. ब्राउझरमध्ये त्यांची यंत्रणा मोठी गमतीची आहे. प्रत्येक रकान्याला एक चिठ्ठी टाचता येते अशी कल्पना करा. चिठ्ठीवर काहीही मजकूर असला की रकाना सदोष, आणि चिठ्ठी कोरी असली की निर्दोष. 'सेट कस्टम व्हॅलिडिटी' नावाची आज्ञा देऊन प्रोग्रॅमर ती चिठ्ठी लिहितो किंवा कोरी करतो. नवशिका प्रोग्रॅमर हमखास फसतो तो येथे. चूक आढळली की तो चिठ्ठी लिहितो, पण अर्जदाराने चूक दुरुस्त केल्यावर ती कोरी करावयास विसरतो. मग बिचारा अर्जदार माहिती कितीही सुधारो, चिठ्ठीवरचा जुना मजकूर ब्राउझरला दिसतच राहतो आणि अर्ज जागचा हलत नाही. ह्या चिठ्ठीचा एक मोठा गुण असा, की तीवरचा मजकूर आपल्या भाषेत लिहिता येतो. एरवी ब्राउझरचे तयार शेरे ब्राउझर ज्या भाषेत बसविला असेल त्या भाषेत येतात, आणि सबंध मराठी अर्जाच्या मध्यभागी अचानक एक इंग्रजी दटावणी उमटते.

घरचा नियम लिहिणे म्हणजे व्यवहारातला कायदा यंत्राला समजावून देणे, आणि त्यासाठी आधी तो आपल्याला नीट समजलेला असावा लागतो. मतदार नोंदणीचे उदाहरण घेऊ. मतदानाचे वय १८ हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कोणीही घाईने असा नियम लिहील की आजच्या तारखेस अठरा वर्षे पुरी नसतील तर अर्ज नाकारावा. हा नियम चुकीचा ठरतो. कायदा वय मोजतो ते अर्हता दिनांकास. पूर्वी तो दिनांक वर्षातून एकच, १ जानेवारी, असे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार झाले. शिवाय सतरा वर्षे उलटलेल्यांना आगाऊ अर्ज करण्याची मुभाही मिळाली. तेव्हा २० जून २००८ रोजी जन्मलेली मुलगी मे २०२६ मध्ये अर्ज करीत असेल, तर आज ती सतराचीच असूनही १ जुलैच्या हिशेबाने पात्र ठरते. आणि तिची मैत्रीण २ जुलैला जन्मलेली असेल, तर एका दिवसाच्या अंतराने तिला १ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागते. नियम असा दोन तारखांच्या नात्यावर उभा असतो, आणि असे नाते कोणत्याही एका रकान्याच्या साच्यात मावत नाही.

आणि नियम घट्ट करण्याच्या हौसेलाही आवर हवा. व्यक्तीच्या पॅन क्रमांकातील चौथे अक्षर 'पी' असते आणि पाचवे अक्षर आडनावाच्या आद्याक्षराचे असते, ही माहिती हाती आल्यावर एखाद्या चतुर प्रोग्रॅमरला वाटते की आडनाव आणि पाचवे अक्षर ताडून पाहावे. परंतु लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचा पॅन क्रमांक बदलत नाही. कुलकर्ण्यांची मुलगी जोश्यांची सून झाली तरी तिच्या क्रमांकात 'के' हेच अक्षर राहते, आणि चतुर नियम तिला खोटे पाडतो. पिनकोडचेही तसेच. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या आपल्याकडील संस्कृत पंडिताच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या ह्या सहा आकडी क्रमांकात ४० ते ४४ ही सुरुवात महाराष्ट्राची, असे पाठ करून कोणी राज्य आणि पिनकोड ह्यांची सांगड घातली, तर पणजीचा रहिवासी आपला ४०३००१ लिहून बसेल आणि पान त्याला सांगेल की आपण गोव्यात राहत नाही.

४. आकड्यांच्या पोटातील साक्षीदार

काही क्रमांक मात्र असे घडविलेले असतात की ते लिहिताना झालेली चूक त्यांचे तेच ओरडून सांगतात. आयबीएमचे हान्स पीटर लून ह्यांनी १९५४ साली पेटंटसाठी सादर केलेली एक युक्ती आजही बँकांच्या कार्डांवरील क्रमांकांत नांदते. ती कागदावर करून पाहण्याजोगी आहे.

५७४१ हा मूळ क्रमांक समजू. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक आकडा दुप्पट करावयाचा: १ चे २ झाले, ४ तसाच राहिला, ७ चे १४ झाले, ५ तसाच राहिला. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवून टाकावयाचे, म्हणून १४ चे ५. आता बेरीज २, ४, ५ आणि ५ मिळून १६. पुढचा पुरा दशक २०. त्याला ४ कमी पडतात. तो ४ क्रमांकाच्या शेवटी जोडला, आणि ५७४१४ हा साक्षीदारासह क्रमांक तयार झाला. आता घाईत कोणी मधले दोन आकडे उलटसुलट करून ५७१४४ लिहिले, तर पहिल्या चार आकड्यांची बेरीज १९ येते, साक्षीदार १ असावयास हवा आणि दिसतो ४. चूक उघडी पडली, आणि त्यासाठी सर्व्हरकडे जाण्याची गरजही लागली नाही.

ह्या युक्तीला एक छिद्र आहे: शेजारी शेजारी आलेले ० आणि ९ अदलाबदल झाले तर तिला पत्ता लागत नाही, कारण ९ ची दुप्पट १८ आणि तिच्या अंकांची बेरीज पुन्हा ९. याकोबुस फेरहूफ ह्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, किंचित अधिक किचकट रीतीत हेही छिद्र बुजविले आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारचे कोणतेही दोन उलटले तरी ती पकडतेच. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा हा ह्याच रीतीचा साक्षीदार होय.

ही साक्ष कशाची आणि कशाची नव्हे, हे मात्र स्पष्ट असावे. क्रमांक लिहिताना हात चुकला नाही एवढेच ती सांगते. तो क्रमांक अस्तित्वात आहे की नाही, आणि असल्यास तो लिहिणाऱ्याचाच आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. मनाला येतील ते आकडे ठोकले तरी दहांत सुमारे एकदा साक्षीदार जुळून जातो. त्यापुढची खातरजमा दप्तर उघडून पाहिल्यावाचून होत नाही, आणि दप्तर आत असते.

५. टेबलामागचा मनुष्य

आता आत जाऊ. अव्वल कारकुनाने अर्जनवीसाच्या हिरव्या खुणेकडे काडीइतकेही लक्ष देऊ नये, ह्याचे पहिले कारण असे की झाडाखालून न येताही आत शिरता येते. ब्राउझरमधील पान हे अर्जदाराच्या यंत्रात असते. त्यातला 'रिक्वायर्ड' हा शब्द खोडणे, मर्यादा बदलणे, जावास्क्रिप्ट बंद करणे ह्या गोष्टी ब्राउझरसोबतच मिळणाऱ्या हत्यारांनी कोणालाही दोन मिनिटांत साधतात. ब्राउझर वापरलाच पाहिजे असेही नाही. डॅनियल स्टेनबर्ग ह्या स्वीडिश प्रोग्रॅमरचा 'कर्ल' हा १९९८ पासून प्रचलित असलेला प्रोग्रॅम एका ओळीत हवा तो मजकूर हव्या त्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरपाशी जे येऊन पोचते ते अक्षरांचे एक पाकीट असते, आणि ते कोणाच्या हातून, कोणत्या तपासणीतून आले, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

वेबवरील दुकानांच्या पहिल्या बहरात ह्या अज्ञानाची चांगलीच किंमत मोजावी लागली. काही दुकानदारांनी वस्तूची किंमत अर्जातच एका अदृश्य रकान्यात ठेवली, आणि डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागणार नाही असे गृहीत धरले. गिऱ्हाइकाने ८५० चे ८५ केले की सर्व्हर मुकाट्याने ८५ रुपयांची पावती फाडी. ह्यावर उपाय म्हणून किंमत पडताळून पाहावी असे वाटेल, पण त्याहून साधा उपाय असा, की दुकानदाराने गिऱ्हाइकाला भाव विचारूच नये. वस्तूचा क्रमांक घ्यावा आणि भाव आपल्या वहीतून काढावा.

दुसरे कारण हेतूंशी संबंधित नाही, प्रामाणिक अर्जदारांच्या बाबतीतही ते खरे आहे. काही गोष्टी आतच ठाऊक असतात, आणि त्याही क्षणाक्षणाला बदलतात. नाटकाच्या तिकीटखिडकीवर प्लॅन पाहून दोघांनी एकाच वेळी तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची पसंत केली, तर पाहताना ती दोघांनाही रिकामी दिसते. बुकिंगवाल्याची पेन्सिल ज्याच्या नावाने आधी फिरली त्याची ती झाली. वेबवर 'हे सदस्यनाम उपलब्ध आहे' असे पान सांगते तेव्हा ते प्लॅन पाहण्यासारखे असते. सादर करण्याच्या क्षणापर्यंत दुसऱ्या कोणी ते घेतलेले असू शकते, आणि सर्व्हरने नोंद करण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहिले तरी पाहणे व नोंदणे ह्यांच्यामधील निमिषात ती फट उरतेच. म्हणून एकच नाव दोनदा नोंदले जाऊ नये हा निर्बंध खुद्द नोंदवहीवर, म्हणजे डेटाबेसवर घालावा लागतो. आमच्या वृद्ध गृहस्थांना हिरव्या खुणेनंतर जी नामंजुरी मिळाली तिचे मूळ बहुधा अशाच ठिकाणी असावे.

तिसरी बाब थोडी नाजूक आहे. रोमन लिपीत डिसूझा हे आडनाव लिहिताना 'डी' नंतर वर एक लहानसे अवतरणचिन्ह देण्याची पद्धत गोव्यात आणि वसईकडे आहे, आणि ह्या निरुपद्रवी चिन्हाला पुष्कळ अर्ज आत येऊच देत नाहीत. त्याचे कारण असे. डेटाबेसला द्यावयाच्या हुकमात मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे दाखविण्यासाठी हेच चिन्ह वापरतात. प्रोग्रॅमरने अर्जातील नाव जसेच्या तसे हुकमाच्या वाक्यात चिकटविले, तर नावातले चिन्ह मजकूर तेथेच संपवते आणि नावाचा उरलेला भाग हुकूम म्हणून वाचला जातो. हे म्हणजे कारकुनाने अर्जदाराचे शब्द साहेबांच्या हुकुमाच्या मसुद्यात न पाहता उतरवून घेण्यासारखे झाले. ज्याने आपल्या नावापुढे 'आणि ह्याची सर्व थकबाकी माफ करण्यात यावी' असे लिहिले त्याचे फावले. १९९८ सालापासून ह्या हल्ल्याची जाहीर चर्चा चालू आहे. त्यावरचा इलाज डिसूझांना हाकलून देण्यात नाही. हुकमाचा मसुदा आधी कायम करून त्यात नावासाठी रिकामी चौकट ठेवावी आणि नाव त्या चौकटीतच पडेल अशी व्यवस्था करावी. ती व्यवस्था प्रत्येक चांगल्या डेटाबेसमध्ये तयार असते. पडताळणीकडे पहारेकऱ्याचे काम सोपवून जेथे भिंतच बांधावयाची तेथे ती न बांधणे, हा आळस आहे.

६. दोघांचे पंचांग जुळत नाही तेव्हा

एकच नियम दोन ठिकाणी लागू करावयाचा, आणि तोही बहुधा दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेला, म्हटल्यावर मतभेद आलेच. मराठी अर्जदाराला ते जितक्या वेळा सोसावे लागतात तितके इंग्रजीत लिहिणाऱ्याला लागत नाहीत.

पिनकोडच्या रकान्यात कोणी ४११०३० हा क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला असे समजा. जावास्क्रिप्टच्या साच्यात 'कोणताही आकडा' असे म्हटले तर तिला फक्त इंग्रजी दहा आकडेच अभिप्रेत असतात. पायथन नावाच्या, सर्व्हरवर लोकप्रिय असलेल्या भाषेत तेच शब्द देवनागरी आकड्यांनाही लागू पडतात. त्यामुळे झाडाखालचा म्हणतो हे आकडेच नव्हेत, आणि टेबलामागचा म्हणतो हे आकडे आहेत! उलटपक्षी फोनच्या एखाद्या ॲपने काही न तपासता हा क्रमांक पाठविला तर सर्व्हर तो दाखल करून घेईल, आणि वहीत एकाच पेठेचे दोन पिनकोड नांदू लागतील. शहाणा प्रोग्रॅमर तपासण्याआधी एक पायरी घालतो: आकडे एका लिपीत आणावेत, मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढाव्यात, आणि मग साचा लावावा. आधार कार्डावर क्रमांक चार-चारांच्या गटांत, मध्ये जागा सोडून छापलेला असतो. रकान्याची लांबी १२ वर बांधून टाकली आणि कोणी तो क्रमांक तसाच उतरवून चिकटविला, तर दोन मोकळ्या जागा धरून चौदा चिन्हे होतात आणि शेवटचे दोन आकडे गळून पडतात. अर्जदाराने क्रमांक अचूक दिलेला असतो. तो कापला पानाने, आणि चूक निघते अर्जदाराची.

नावांचा प्रकार तर अधिकच मजेचा. 'नावात फक्त ए ते झेड ही अक्षरे असावीत' हा नियम मराठी नाव मराठीत लिहूच देत नाही, हे उघड आहे. तो सुधारावयास निघालेला प्रोग्रॅमर 'कोणत्याही भाषेचे अक्षर चालेल' असा उदार नियम लिहितो, आणि त्याला वाटते प्रश्न मिटला. तो 'कमल' हे नाव लिहून पाहतो, चालते. मग 'मीरा' अर्ज करते, आणि तिचे नाव नामंजूर होते. कारण जगातील लिप्यांची नोंद ठेवणाऱ्या युनिकोडच्या वर्गवारीत 'म' आणि 'र' ही अक्षरे आहेत, पण वेलांटी व काना ही अक्षरे नसून चिन्हे आहेत, आणि जोडाक्षरातला पायमोडाही चिन्हच आहे. काना-मात्रा-वेलांटी नसलेल्या माणसांनीच तेवढा अर्ज करावा, असा हा अजाणता काढलेला फतवा! लांबीचा हिशेबही तसाच फसवा. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते 'श्री' यंत्राच्या मोजणीत चार भरते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट गोऱ्हे, कऱ्हाडे ह्या आडनावांतल्या अर्ध्या 'र' ची. तो टंकण्याचे दोन मार्ग आहेत: एकात खाली बिंदू असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', पायमोडा आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ती दोन भिन्न आडनावे असतात. अर्जातील नाव जुन्या नोंदीतील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे असा नियम कोणी लावला, आणि नोंद एका कळफलकावर व अर्ज दुसऱ्यावर झालेला असला, तर गोऱ्हे आणि गोऱ्हे ह्यांतला फरक कोणी कोणाला दाखवायचा? लिप्यांचे एकरूपीकरण करण्याच्या ज्या तयार सोयी आहेत त्यांनीही हा विशिष्ट भेद मिटत नाही. त्यासाठी मराठीची जाण असलेल्या माणसाने घरचा नियम लिहावा लागतो.

काळाचीही गोष्ट अशीच. ब्राउझर 'आज' म्हणतो तो अर्जदाराच्या घड्याळाप्रमाणे, आणि सर्व्हर पुष्कळदा ग्रीनिचच्या हिशेबाने चालविलेला असतो, जो आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत त्या सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस असतो. 'जन्मतारीख भविष्यातील असू नये' ह्या निर्विवाद वाटणाऱ्या नियमाने रात्री दोन वाजता जन्मलेल्या बाळाची पहाटेची नोंद परत फिरू शकते. बाळाची तारीख बरोबर असते आणि सर्व्हरचे घड्याळही आपल्या परीने बरोबर असते.

ह्या साऱ्यावर पुष्कळ जण असा मार्ग काढतात की नियम एकाच ठिकाणी लिहावेत आणि तेच दोन्हीकडे वापरावेत. ते जेथे जमते तेथे उत्तमच. परंतु न जमले तर निदान एवढे पाळावे, की झाडाखालचा आतल्यापेक्षा कधीही अधिक कडक असू नये. तो सैल असला तर अर्जदाराची एक खेप वाया जाते. तो कडक असला तर मंजूर होण्याजोगा अर्ज आत पोचतच नाही, आणि आतल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण जो अर्ज आलाच नाही त्याची बारनिशीत नोंद कोठून असणार?

७. नामंजुरीचा शेरा

'माहिती अवैध आहे' हा शेरा लिहिणाऱ्याला माहिती कोणती, ती कोठे आणि का अवैध, हे सारे ठाऊक असते. नियम त्यानेच तपासलेला असतो. तरीही तो ते सांगत नाही. 'पिनकोड सहा आकड्यांचा असतो, आपण पाचच लिहिले आहेत' असे सांगावयास दहा-वीस अक्षरे अधिक लागतात एवढेच. सांगण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. ई-मेलचे पहिले अक्षर टंकताच 'पत्ता अपुरा आहे' म्हणून लाल शाई ओतणारे पान हे अर्जदाराचा हात कागदावर टेकतो न टेकतो तोच खेकसणाऱ्या अर्जनवीसासारखे असते. रकाना सोडून मनुष्य पुढे गेला म्हणजे बोलावे, आणि चूक दुरुस्त होताच तत्काळ गप्प बसावे. सर्व दोष एकदम सांगावेत हेही आलेच. एक दुरुस्त केल्यावर दुसरा दाखविण्याची कचेरीतील पुरातन रीत यंत्रातही उतरलेली पाहून मला नेहमी वाईट वाटते.

आणि परत केलेला अर्ज भरलेला परत करावा. सर्व्हरने नकार दिल्यावर पान कोरे होऊन येते तेव्हा चूक एका रकान्यात असूनही शिक्षा चाळीस रकान्यांची होते. ह्यात एक खरी अडचण आहे ती जोडलेल्या कागदपत्रांची: अर्जदाराच्या यंत्रातील फाइल पानाने आपणहून पुन्हा निवडू नये असा ब्राउझरचा दंडक आहे आणि तो रास्तही आहे, नाहीतर कोणतेही पान कोणाचीही फाइल परस्पर उचलू शकेल. म्हणून विचारी प्रोग्रॅमर उरलेल्या अर्जात चूक असली तरी पहिल्या खेपेस आलेला दाखला आतच तात्पुरता ठेवून घेतो, त्याला एक क्रमांक देतो, आणि अर्ज परत धाडताना त्या रकान्यापुढे केवळ एवढेच लिहितो: 'दाखला मिळाला आहे, पुन्हा जोडण्याची आवश्यकता नाही.' आमच्या वृद्ध गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, "आमच्या वेळी जोडपत्र टाचणीने टाचून ठेवायचो. टाचणी गंजेपर्यंत ते दप्तरात असायचे."